जंगलाकाठच्या गावाने वणव्याची तयारी कशी करावी

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि मेळघाट या पट्ट्यात अशी कितीतरी गावे आणि तालुक्याची लहान शहरे आहेत, जिथे शेवटच्या घराची सांदवाडी, म्हणजे परसबाग, संपते तिथूनच साग, मोह आणि बांबूचे जंगल सुरू होते. वनविभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम मानतो. या चार महिन्यांत आसपासच्या जंगलात कुठे ना कुठे आग लागणार, हे अशा गावांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. ती कोणत्या बाजूने येईल आणि त्या दिवशी वारा कसा असेल, एवढेच काय ते ठाऊक नसते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या 2019 च्या अहवालानुसार देशातील 36 टक्क्यांहून अधिक वनाच्छादन वारंवार आग लागण्याच्या धोक्याखाली आहे, आणि मध्य भारतातील पानझडी जंगलाचा त्यात मोठा वाटा आहे.

तयारीला लागण्यापूर्वी आपल्याकडचा वणवा कसा असतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलियातील आगी झाडांच्या शेंड्यांवरून धावतात. विदर्भातील शुष्क पानझडी जंगलात तसे सहसा होत नाही. इथली आग जमिनीवरचा पालापाचोळा आणि वाळलेले गवत खात पुढे सरकते आणि तिच्या ज्वाळा बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच असतात. मोठा सागवान तिच्यातून होरपळून का होईना, पण वाचतो. एवढ्या आगीने विटामातीची भिंत किंवा कौलाचे छप्पर आपण होऊन पेटत नाही. तरीही दर उन्हाळ्यात जंगलालगतचे गोठे आणि घरे जळतात, याचे कारण भिंतीला टेकवून ठेवलेल्या वस्तूंमध्ये शोधावे लागते. तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) ढीग, तुराट्या-पऱ्हाट्यांचे भारे, गोवऱ्यांची रास, परसातले काट्यांचे कुंपण आणि वळचणीला रचलेले सरपण यांतच ठिणगी पडते आणि तिथून आग छपराच्या लाकडी वाशांना धरते. म्हणून गावाचे रक्षण हे मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारीमधील साफसफाईचे काम आहे. एप्रिलच्या भर दुपारी तालुक्याहून अग्निशमन गाडी मागवून ते साधत नाही. ती गाडी यावी म्हणून प्रयत्न अवश्य करावा, परंतु तिच्या भरवशावर कोणीही बसू नये.

घर आणि परसबाग

सुरुवात घराच्या भिंतीपासून करावी. भिंतीलगतच्या दीड मीटर पट्ट्यात जळण्यासारखे काहीही असू नये. वाळले गवत, पाने, चिंध्या, प्लास्टिकची पोती, गोवऱ्या आणि लाकडी पाट्या-फळ्या तिथून हलवाव्यात. जागेची टंचाई असलेल्या घरात एवढाही पट्टा मोकळा ठेवणे जड जाते, याची कल्पना आहे. परंतु निदान जंगलाच्या दिशेची बाजू तरी फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत मोकळी राहील असे पाहावे. कौलारू छपरावर, विशेषतः दोन उतार मिळतात त्या पन्हळीत, वाऱ्याने येऊन पडलेली पाने साचतात. छपराच्या टोकाला कौलांखाली राहिलेल्या फटींमध्ये चिमण्यांची घरटी आणि काडीकचरा असतो. उडत आलेली ठिणगी नेमकी तिथेच विसावते. होळीच्या आधी एकदा आणि गुढीपाडव्यानंतर पुन्हा एकदा खराट्याने छप्पर झाडून घ्यावे, तसेच फुटकी कौले बदलून फटी मातीने लिंपून घ्याव्यात.

तणसाची गोष्ट अधिक गंभीर आहे. पूर्व विदर्भात धानाची मळणी झाल्यावर तणसाचे ढीग कोठ्याजवळ, म्हणजे गोठ्याजवळ, रचले जातात, कारण उन्हाळ्यात बैलांना तिथूनच वैरण घालणे सोयीचे असते. परंतु कोठ्याला चिकटून असलेला ढीग पेटला, तर दावणीला बांधलेल्या जनावरांना वाचवायला काही मिनिटेही हाती राहत नाहीत. ढीग घरापासून आणि कोठ्यापासून निदान दहा मीटर दूर, शक्य झाल्यास गावाच्या आतल्या अंगाला असावा. एकाच मोठ्या ढिगाऐवजी अंतर राखून दोन-तीन लहान ढीग घातले, तर एक पेटला तरी बाकीची वैरण शिल्लक राहते. मळणी लांबली असेल तर शेतातल्या पुंजण्यांनाही, म्हणजे कापलेल्या धानाच्या राशींनाही, हाच नियम लागू होतो. पुंजण्याभोवती दोन-तीन मीटर जमीन नांगरून किंवा खरडून मोकळी करावी. रोजच्या वैरणीपुरते तणस तेवढे कोठ्यात ठेवावे.

घरापासून दहा मीटरपर्यंतच्या परसात झाडे असण्यास हरकत नाही. लिंब, आंबा, पपई, केळी यांची ओली हिरवी झाडे ठिणग्या अडवतातच. काढायची आहे ती त्यांच्याखालची वाळलेली झुडपे. घाणेरी, जिला या भागात रायमुनिया म्हणतात, ती गावाच्या कडेला फार माजते. तिच्या जाळीत वाळलेल्या काड्या साचून राहतात आणि जमिनीवरची आग तिच्यावरून चढून झाडांच्या फांद्यांना लागते. ती नुसती कापून भागत नाही, कारण पावसाळ्यात पुन्हा फुटते. मुळासकट उपटावी लागते, आणि हे काम पावसाळा सरताना माती ओली असते तेव्हा सोपे जाते. परसात बांबूचे बेट असेल, तर त्यातील वाळके बांबू दरवर्षी काढून घ्यावेत. मानवेल बांबू फुलोरा येऊन एकदम वाळला, की त्याच्या बेटात आग शिरल्यावर पेरे फुटून जळते तुकडे दूरवर उडतात. असे वाळलेले बेट वस्तीजवळ असेल तर त्याच्या तोडणीसाठी वनविभागाकडे किंवा ग्रामसभेकडे लगेच अर्ज करावा.

वेशीबाहेरची जाळरेषा

एकट्या घराने स्वतःला राखले आणि शेजारच्या तीन घरांनी राखले नाही, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून जंगलाच्या बाजूने सगळ्या वस्तीसाठी मिळून एकच मोकळा पट्टा असावा. यालाच वनविभागाच्या भाषेत जाळरेषा म्हणतात. जंगलातील जाळरेषा जागेनुसार सहसा तीन ते बारा मीटर रुंद असतात. गावाच्या कडेला निदान सहा मीटर, आणि जिथे जमीन गावाकडे चढत येते तिथे त्याच्या दुप्पट रुंदी धरावी. याचे कारण असे, की आग चढावर वेगाने पळते: उतार साधारण दहा अंशांनी वाढला की तिचा वेग दुप्पट होतो, असा वणव्यांच्या अभ्यासकांचा ठोकताळा आहे. टेकडीच्या माथ्यावर किंवा खांद्यावर वसलेल्या चिखलदऱ्यासारख्या गावाने दरीच्या बाजूकडेच सर्वाधिक लक्ष दिले पाहिजे. दरीतला वणवा लांब आणि खाली दिसतो म्हणून निर्धास्त राहणे, ही तिथली नेहमीची चूक असते.

नवी रेषा आखण्यापूर्वी आधीच असलेल्या मोकळ्या जागा नकाशावर मांडाव्यात. पांदण रस्ता, नाला, कालवा, नांगरलेले शेत, मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ आणि शाळेचे पटांगण हे सगळे तयार अडथळे आहेत. त्यांना जोडणारे तुकडे तेवढे साफ केले की निम्मे श्रम वाचतात. काम दोन टप्प्यांत करावे. डिसेंबर-जानेवारीत गवत आणि झुडपे कापून पट्ट्याच्या मधोमध गोळा करावीत. ती वाळल्यावर, जानेवारीच्या अखेरीपासून हंगाम सुरू होईपर्यंत, सकाळी दव असताना आणि वारा पडलेला असताना ती वनकर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत जाळून टाकावीत. त्या वेळी पट्ट्याच्या दोन्ही कडांना पाणी आणि ओल्या फांद्या घेतलेली माणसे उभी असावीत. दहा वाजेनंतर काडी लावू नये. जाळरेषा काढतानाच वणवा लागल्याची उदाहरणे प्रत्येक वनपरिक्षेत्रात ऐकायला मिळतात, त्यामुळे जिथे जाळण्याची खात्री वाटत नाही तिथे पाला ओढून नेऊन खतखड्ड्यात टाकणे अधिक शहाणपणाचे ठरते.

एकदा साफ केलेली रेषा हंगामभर टिकत नाही, ही गोष्ट पुष्कळ गावांच्या लक्षातून सुटते. सागाची पानगळ मार्चपर्यंत चालू असते, मोहाची पानेही त्याच सुमारास झडतात, आणि फेब्रुवारीत लख्ख दिसणारा पट्टा होळीपर्यंत पुन्हा घोटाभर पानांनी झाकला जातो. अशा पट्ट्यावरून आग सहज पार होते. म्हणून हंगामात दर पंधरा दिवसांनी दाताळ्याने किंवा पाने उडवणाऱ्या ब्लोअरने तो झाडून घेण्याची पाळी वॉर्डनिहाय अथवा मोहल्लानिहाय लावून द्यावी. रोजगार हमी योजनेतून हे काम घेता येते का, हे ग्रामसेवकाकडे आधीच विचारून ठेवावे.

पट्टा वनजमिनीवर येत असेल तर वनविभागाच्या संमतीशिवाय तिथे एकही झाड तोडू नये. ज्या गावांना 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांची स्थिती वेगळी आहे. या कायद्याच्या कलम 5 ने जंगलाचे संरक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे असे हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. अशा गावांमध्ये जाळरेषेचा निर्णय, तिचा खर्च आणि राखणीची पाळी हे सगळे ग्रामसभेच्या ठरावात येऊ शकते, आणि तसे ते यावे. भल्या पहाटे आणि संध्याकाळी कडेच्या झुडपांत काम करू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ आणि बिबट्याचा वावर ही रोजची गोष्ट आहे. सूर्य वर आल्यावर, दहा-बाराच्या गटाने, बोलत-आवाज करत काम करावे आणि एक माणूस केवळ नजर ठेवण्यासाठी मोकळा ठेवावा.

आग कुठून येते

आपल्या जंगलात वीज पडून लागणारी आग विरळाच. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात, आणि ते हात बऱ्याचदा आपल्याच गावातील असतात. ही गोष्ट ग्रामसभेत उघडपणे बोलली गेली नाही, तर बाकीची सगळी तयारी लंगडी पडते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला नवी, कोवळी पाने यावीत या समजुतीने झुडपांना आग लावली जाते. शेतकरी धुरे, म्हणजे शेताचे बांध, जाळतो आणि दुपारच्या वाऱ्याने ती आग जंगलात शिरते. कोकणात आणि मावळात राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळताना, नेमके हेच घडते आणि काजूच्या व आंब्याच्या बागा जातात.

याला नुसती बंदी पुरत नाही, कारण मोहफुलांचा हंगाम हा गरीब कुटुंबाच्या वर्षाच्या रोकडीचा मोठा आधार असतो. पर्याय हाताशी द्यावा लागतो. मोहाच्या झाडाखाली जुन्या साड्या किंवा हिरवी जाळी अंथरली, तर फुले स्वच्छ मिळतात, मातीत मिसळत नाहीत आणि व्यापारी त्यांचा भावही बरा देतो. ग्रामसभेने किंवा वन व्यवस्थापन समितीने अशा जाळ्या सामाईक विकत घेऊन हंगामापुरत्या वाटाव्यात. ज्याला जाळी परवडत नाही, त्याने पाला पेटवण्याऐवजी झाडाभोवती वर्तुळात झाडून बाजूला ओढावा. तेंदूसाठी झुडपांची छाटणी केल्यास पाने चांगली येतात, त्यामुळे आग लावण्याची गरजच राहत नाही. धुरे जाळायचेच असतील तर हंगाम सुरू होण्याआधी, पहाटे, शेजाऱ्याला सांगून आणि पंप भरून जवळ ठेवूनच जाळावेत.

नगरपंचायत असलेल्या गावांमध्ये आणखी एक उगम असतो, ज्याविषयी कोणी फारसे बोलत नाही: कचरा डेपो. तो बहुधा गावाबाहेर, जंगलाच्या कडेलाच असतो आणि आतून धुमसत राहतो. त्याच्याभोवती दहा मीटर पट्टा उघडा मातीचा ठेवणे आणि कचरा जाळण्यावर खरोखर लक्ष ठेवणे, ही नगरपंचायतीची जबाबदारी आहे. सदस्यांनी ती सभेत मांडून ठरावात घ्यावी. विजेच्या सैल तारा वाऱ्याने एकमेकींवर घासून ठिणग्या पडतात, म्हणून रोहित्राखालचे आणि तारांखालचे गवत मार्चपूर्वी काढून घ्यावे व तारा ओढून घेण्यासाठी महावितरणकडे लेखी तक्रार द्यावी. होळीची जागा गावाच्या मध्यावर असावी. सहलीला येऊन जंगलाच्या कडेला चूल मांडणाऱ्या पाहुण्यांना जागा बदलायला सांगण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम 79 नुसार जंगलातून हक्काने लाकूडफाटा घेणाऱ्यांवर आगीची खबर देण्याचे व ती विझवण्यास मदत करण्याचे कर्तव्य आहे. पहिल्या कलमाचे फलक गावोगावी लागलेले दिसतात, दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो.

खबर

आज उपग्रहावरून आगीची सूचना मोबाइलवर येते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था ही सेवा देते, आणि नोंदणी केली तर सामान्य नागरिकालाही संदेश मिळतो. सरपंच, वन समितीचे अध्यक्ष आणि दोन-तीन तरुण अशा निदान पाच जणांनी ही नोंदणी करून घ्यावी. परंतु तिची मर्यादाही ओळखून असावे. ज्या उपग्रहावरील संवेदक 375 मीटरपर्यंतचा तपशील टिपतो, तो आपल्या भागावरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर साधारण दीडच्या सुमारास जातो. दुपारी चारला लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार, आणि तोवर ती गावाच्या कुंपणाशी पोहोचलेली असू शकते. म्हणून माणसाच्या डोळ्याला पर्याय नाही. उंच जागी, पाण्याच्या टाकीवर किंवा मचाणावर, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा या वेळात पाळीपाळीने एक माणूस बसवावा. धूर दिसताच त्याने वनरक्षकाला फोन करावा, आणि तो लागला नाही तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. घरांना धोका असल्यास 112 वर कळवावे. ठिकाण सांगताना ‘जंगलात आग लागली’ एवढे न म्हणता कक्ष क्रमांक (वनविभागाने जंगलाच्या त्या भागाला दिलेला क्रमांक), नाल्याचे किंवा पाणवठ्याचे नाव आणि आग कोणत्या दिशेने चालली आहे हे सांगावे. हे कक्ष क्रमांक टाकीच्या भिंतीवर रंगवून ठेवल्यास ऐनवेळी शोधाशोध करावी लागत नाही.

गावात खबर देण्यासाठी शाळेची घंटा, मंदिराचा किंवा मशिदीचा भोंगा, नाहीतर डफडे, यांपैकी एकच खूण ठरवावी आणि ती इतर कशासाठीही वापरू नये.

आग वस्तीकडे आल्यावर

प्रथम म्हातारी, आजारी आणि लहान माणसे हलवावीत. कुठे जायचे हे आधीच ठरलेले असावे: नांगरलेले मोठे शेत, तलावाची कोरडी गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जमीन) किंवा बाजाराचे मैदान. जनावरांची दावी सोडून द्यावीत; ती स्वतःच मोकळ्या जागेकडे जातात. गॅसच्या टाक्या घराबाहेर उघड्यावर आणाव्यात. खिडक्या-दारे लावून घ्यावीत आणि छपरावर, कोठ्यावर व तणसावर आधीच पाणी मारून ठेवावे. टँकरला तलावापर्यंत जाता येईल असा रस्ता हंगामापूर्वीच मोकळा केलेला असेल, तर या वेळी त्याचा खरा उपयोग होतो.

विझवायला जाणाऱ्यांनी सुती, अंगभर कपडे आणि बूट घालावेत. नायलॉनचे कपडे अंगावर वितळतात. चार-पाच जणांच्या तुकडीत एकाने केवळ वारा आणि मागची वाट यांवर लक्ष ठेवावे. ज्वाळा गुडघ्याएवढ्या असतील तोवरच ओल्या हिरव्या फांद्यांनी झोडपून, माती टाकून, पाठीवरच्या फवारणी पंपाने किंवा ब्लोअरने ती आवरता येते. कामाला जळालेल्या बाजूने लागावे आणि आगीच्या तोंडासमोर उभे न राहता तिच्या शेपटाकडून व कडांकडून पुढे सरकावे. ब्लोअरचा झोत नेहमी जळालेल्या भागाकडे असावा. उलट दिशेने धरला तर तोच वारा आगीला मिळतो. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या की मागे हटून जाळरेषेवर यावे आणि ती ओलांडणाऱ्या ठिणग्या तेवढ्या विझवाव्यात. दुपारी दोन ते चारच्या वाऱ्यात जंगलात शिरून धाडस दाखवण्यापेक्षा रेषा सांभाळणे आणि संध्याकाळी वारा पडल्यावर पुढे जाणे अधिक फळते. समोरून उलट आग लावण्याचा प्रयोग वन अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय कोणीही करू नये.

आगीच्या वरच्या अंगाला, चढावर, कधीही जाऊ नये. तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणी येथे 11 मार्च 2018 रोजी डोंगरातील वणव्यात सापडून वीसपेक्षा जास्त माणसांचे प्राण गेले. ती हौसेने डोंगर चढायला गेलेली माणसे होती. गोव्यात मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकले. अशी मदत एखाद्या राज्याला मोठ्या आपत्तीत मिळते. गावाच्या आराखड्यात ती धरू नये.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणजे काम संपले असे नसते. पोकळ ओंडके, मोहाचे जुने बुंधे, शेणाचे ढीग आणि मुळांखालची पोकळी आतून धुमसत राहते आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दुपारी वारा सुटताच पुन्हा पेट घेते. जळालेल्या कडेपासून वस्तीच्या बाजूने वीस-पंचवीस मीटर आतपर्यंत हात मागच्या बाजूने जवळ नेऊन, ऊब लागते का ते पाहत फिरावे; जिथे ऊब असेल तिथे खणून पाणी ओतावे. तीन दिवस दोन माणसांची पाळी ठेवावी. घर, कोठा किंवा वैरण जळाली असेल तर राख हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. आग कोणत्या ठिकाणी रेषा ओलांडून आली, ती जागा त्याच दिवशी गावाच्या नकाशावर खुणेने नोंदवावी, कारण येत्या डिसेंबरात रुंदी वाढवायची आहे ती नेमकी तिथेच.